उशिरा परतलेला उपग्रह

१२ जानेवारी १९९० रोजी 'कोलंबिया' या स्पेस शटलच्या यांत्रिक हाताने बसएवढ्या आकाराचा एक उपग्रह अलगद पकडला. तो हात बॉनी डनबार ही अंतराळवीर चालवत होती. उपग्रह यानाच्या पोटात ठेवण्याआधी तो सर्व बाजूंनी फिरवून त्याची छायाचित्रे घेण्यात आली आणि या कामाला काही तास दिले गेले. त्याला कारण होते. उपग्रहाच्या अंगावरचे काही पातळ पापुद्रे सुटून लोंबत होते आणि जाताना लावलेल्या काही पट्ट्या जागेवर उरल्याच नव्हत्या. परतीच्या प्रवासात आणखी काय गळून पडेल याचा भरवसा नसल्यामुळे, जे दिसते आहे ते आधी टिपून घ्यावे असा विचार होता.

उपग्रह पृथ्वीवर आणून त्याची तपासणी सुरू झाली तेव्हा संशोधकांसमोर एक विचित्र दृश्य आले. सांगाड्यावर जागोजागी पांढऱ्या रंगाच्या लहान गोल चकत्या होत्या. सहा वर्षांपूर्वी, उड्डाणाच्या दिवशी, त्या सगळ्या एकसारख्या होत्या. आता मागच्या अंगाच्या चकत्या तपकिरी पडल्या होत्या आणि पुढच्या अंगाच्या मात्र पांढऱ्याच राहिल्या होत्या. हा उपग्रह स्वतःभोवती गरगर फिरणारा नव्हता. त्याचे एक टोक कायम पृथ्वीकडे आणि एक बाजू कायम प्रवासाच्या दिशेने राहील अशी त्याची रचना होती. म्हणजे पुढचे अंग सहा वर्षे वाटेतला सगळा मारा छातीवर घेत होते आणि मागचे अंग आडोशाला होते. तरीही आडोशातला रंग काळवंडला आणि मारा सोसणारा रंग टिकला, असे का व्हावे?

अवकाशयुगाचा इतिहास आपण बहुधा उड्डाणांचा आणि पावलांचा इतिहास म्हणून वाचतो. अवकाशात गेलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, त्यांचा रंग कसा उडतो, प्लास्टिक कसे ठिसूळ होते, काच कशी मळते, हा इतिहास फारसा लिहिला जात नाही. पण ज्या हजारो उपग्रहांवर आज आपले दूरध्वनी, हवामानाचे अंदाज आणि नकाशे अवलंबून आहेत, त्यांचे आयुष्य याच क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. त्या चकत्यांचे कोडे सोडवायचे तर मागे, १९५८ पर्यंत, जावे लागते.

अमेरिकेचा पहिला उपग्रह 'एक्स्प्लोरर १' ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अवकाशात गेला. त्यावर आयोवा विद्यापीठातील जेम्स व्हॅन ॲलन यांनी विश्वकिरण मोजण्यासाठी एक गायगर गणित्र बसवले होते. उपग्रह कक्षेच्या उंच भागात गेला की हे गणित्र चक्क शून्य दाखवी. मार्चमध्ये गेलेल्या 'एक्स्प्लोरर ३' वर नोंदी साठवणारे टेपयंत्र होते. त्या नोंदी पाहिल्यावर उलगडा झाला की ते शून्य रिकामेपणाचे नव्हते. तेथे कण इतके दाटीने येत होते की गणित्र गुदमरून बंद पडत होते. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा शोध जाहीर केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन पकडून ठेवले आहेत आणि त्यांचे पट्टे पृथ्वीभोवती वेढे घालून आहेत, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. अवकाश म्हणजे निव्वळ पोकळी, ही कल्पना तेथेच संपली.

या पट्ट्यांचा आतला काठ बहुतेक ठिकाणी एक हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. त्यामुळे तीनशे ते सहाशे किलोमीटरवरून जाणारा उपग्रह एरवी त्यांच्या खालून सुरक्षित जातो. अपवाद एकाच जागेचा आहे. पृथ्वीचा चुंबकीय अक्ष तिच्या केंद्रातून नेमका जात नाही, थोडा बाजूला सरकलेला आणि कललेला आहे. त्यामुळे ब्राझील आणि दक्षिण अटलांटिक महासागरावर हा पट्टा खाली झुकतो आणि सुमारे दोनशे किलोमीटरपर्यंत येऊन पोचतो. कमी उंचीच्या उपग्रहांना जे प्रोटॉन सोसावे लागतात त्यांतले बहुतेक याच टापूत मिळतात. हबल दुर्बीण येथून जाताना आपले निरीक्षण थांबवते. भारताची 'ॲस्ट्रोसॅट' ही दुर्बीण २०१५ साली ६५० किलोमीटर उंचीवर सोडली गेली, तेव्हा तिची कक्षा विषुववृत्ताशी अवघ्या सहा अंशांत ठेवण्यामागे हाच हेतू होता. तशा कक्षेतून हा टापू फक्त काठाने ओलांडावा लागतो. तो काठ केव्हा आला हे सांगणारे आणि नाजूक उपकरणांना सावध करणारे यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले होते.

प्रारणाने उपग्रहातील पदार्थांचे नेमके काय होते याचा पहिला मोठा धडा मात्र निसर्गाने दिला नाही. तो माणसाने स्वतःच ओढवून घेतला. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर, जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटन क्षमतेचा अणुबॉम्ब उडवला. या चाचणीचे नाव होते 'स्टारफिश प्राइम'. चौदाशे किलोमीटरवरच्या हवाई बेटांत रस्त्यांवरचे काही दिवे विझले आणि आकाशात रंगीत प्रकाश पसरला. लोकांच्या स्मरणात राहिले ते हे दृश्य. पण स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि त्यांचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला. तो काही वर्षे टिकून राहिला.

दुसऱ्याच दिवशी, १० जुलैला, 'टेलस्टार' हा दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. अटलांटिकच्या दोन तीरांमध्ये दूरचित्रवाणीची थेट चित्रे पोचवणारा हा पहिला उपग्रह. त्याला या नव्या पट्ट्यातून वारंवार जावे लागले. नोव्हेंबरमध्ये तो आज्ञा ऐकेनासा झाला. आज्ञा उलगडणाऱ्या मंडलातील ट्रान्झिस्टर प्रारणाने बिघडले होते. बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी जमिनीवर तसाच बिघाड घडवून पाहिला, आज्ञा पाठवण्याची एक आडवाट शोधली आणि जानेवारी १९६३ मध्ये उपग्रहाला पुन्हा बोलते केले. २१ फेब्रुवारी १९६३ रोजी तो कायमचा मुका झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह 'एरियल १', अमेरिकेचे 'ट्राक' आणि 'ट्रान्झिट ४ बी' यांचे सौरघट याच पट्ट्याने दुबळे केले. वेगवान कण सिलिकॉनच्या स्फटिकात शिरला की एखाद्या अणूला त्याच्या जागेवरून हुसकून लावतो. मागे राहिलेली रिकामी जागा विद्युत्भार वाहून नेणाऱ्या कणांना सापळ्यासारखी अडवते. असे सापळे वाढत गेले की सौरघटाची वीज घटत जाते.

या नुकसानीतून दोन गोष्टी निघाल्या. एक राजकीय होती. ऑगस्ट १९६३ मध्ये झालेल्या करारान्वये वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करण्यावर बंदी आली. दुसरी तांत्रिक होती. सौरघटातील सिलिकॉनच्या दोन थरांची अदलाबदल केली तर तो प्रारणात अधिक काळ तग धरतो, हे ठाऊक झाले होते. टेलस्टारवर याच उलट्या रचनेचे घट होते आणि त्यांवर नीलमण्याच्या जातीच्या स्फटिकाची झाकणे होती. १९६२ नंतर ही रचना सर्वत्र रूढ झाली. प्रारणापासून संरक्षण म्हणजे कणांपासून संरक्षण, असे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्के बसले आणि पुढची वीस वर्षे ते तसेच राहिले.

त्या समीकरणाला १९८१ साली धक्का बसला. स्पेस शटलमुळे प्रथमच कक्षेत जाऊन आलेल्या वस्तू नियमितपणे हाताळता येऊ लागल्या. पहिल्या काही उड्डाणांनंतर असे दिसले की यानातील कॅमेऱ्यांवर गुंडाळलेले कॅप्टॉनचे आवरण निस्तेज झाले आहे. कॅप्टॉन हे सोनेरी पिवळसर रंगाचे, उष्णता आणि थंडी दोन्ही सोसणारे प्लास्टिक. उपग्रहांच्या छायाचित्रांत जी सोनेरी झिलई दिसते ती बहुधा त्याचीच. चकचकीत कॅप्टॉन मऊ मखमलीसारखे दिसू लागले होते आणि त्याची जाडीही कमी झाली होती. एका आठवड्याच्या प्रवासात एवढे नुकसान करण्याइतके कण त्या उंचीवर नव्हते. ह्यूस्टनच्या अवकाश केंद्रातील लुबर्ट लेगर यांनी या झिजेचे कारण ऑक्सिजनमध्ये शोधले.

जमिनीजवळ ऑक्सिजनचे अणू जोडीने राहतात. वर विरळ हवेत सूर्याचे अतिनील किरण ही जोडी तोडतात आणि सुटे झालेले अणू दुसऱ्या अणूला पुन्हा भेटेपर्यंत फार काळ जातो. दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या उंचीवर जी काही थोडी हवा उरते तिच्यात असे एकटे ऑक्सिजन अणूच अधिक असतात. ते आपल्या जागी फारसे हलत नाहीत. उपग्रह मात्र सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर वेगाने त्यांच्यावर जाऊन आदळतो. या आघाताची ऊर्जा प्लास्टिकमधील कार्बनचे बंध तोडायला पुरते आणि कार्बन वायूच्या रूपाने निघून जातो. लोखंड गंजताना निदान गंज मागे उरतो, येथे तेवढेही उरत नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये शटलच्या आठव्या फेरीत यान मुद्दाम सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत खाली आणून, नमुने प्रवासाच्या दिशेने धरून, हे पुन्हा तपासले गेले आणि शंका उरली नाही.

यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. अतिनील किरण हेही प्रारणच. ते उपग्रहाच्या रंगावर आणि प्लास्टिकवर थेट परिणाम करतात आणि त्याच वेळी उपग्रहाच्या वाटेत ऑक्सिजनचे सुटे अणूही तयार ठेवतात. या दोन परिणामांची बेरीज होते की वजाबाकी, हे आठवडाभराच्या प्रवासातून कळणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेत तीव्र दिवे लावून आणि कणांचा झोत सोडून वर्षांचे प्रारण काही तासांत देता येते, पण सगळे घटक एकाच वेळी, त्याच प्रमाणात आणि त्याच संथ गतीने देता येत नाहीत. त्यासाठी एखादी वस्तू खरोखरच बराच काळ वर ठेवून परत आणणे भाग होते.

लेखाच्या आरंभी आलेला उपग्रह याचसाठी बांधला गेला होता. त्याचे नाव 'लाँग ड्युरेशन एक्स्पोजर फॅसिलिटी', संक्षेपाने 'एलडेफ'. अमेरिकेच्या लँग्ली संशोधन केंद्राने तो बांधला आणि विल्यम किनार्ड हे त्याचे प्रमुख वैज्ञानिक होते. बारा बाजूंचे, ९ मीटर लांब आणि सव्वाचार मीटर रुंद असे हे ॲल्युमिनियमचे पिंप होते. त्याला इंजिन नव्हते आणि पृथ्वीवर संदेश पाठवण्याची सोयही नव्हती. सांगाड्यावर ८६ तबके बसवली होती. त्यांत ५७ प्रयोग आणि पदार्थांचे दहा हजारांहून अधिक नमुने होते: रंग, प्लास्टिक, काचा, आरसे, धातू, सौरघट, विणलेल्या कार्बनचे तक्ते, आणि बंद डब्यांत टोमॅटोचे सव्वा कोटी बी. एखाद्या कौलावर पापड वाळत घालावेत तसे हे सगळे अवकाशात पसरून ठेवायचे आणि वर्षभराने काढून आणायचे, एवढीच योजना होती.

एप्रिल १९८४ मध्ये 'चॅलेंजर' यानाने एलडेफला सुमारे ४८० किलोमीटर उंचीवर सोडले. त्याच फेरीत अंतराळवीरांनी आणखी एक काम केले. १९८० साली गेलेला 'सोलर मॅक्स' हा सूर्याचे निरीक्षण करणारा उपग्रह बिघडला होता. त्याला पकडून त्यांनी तो दुरुस्त केला आणि पुन्हा कक्षेत सोडला. बदललेले भाग व त्यांवरचे उष्णतारोधक आवरण त्यांनी परत आणले आणि त्या आवरणावरही ऑक्सिजनच्या झिजेच्या खुणा सापडल्या. एकाच यानाने एकाच आठवड्यात मागे ठेवलेल्या या दोन उपग्रहांची पुढची गोष्ट एकत्र वाचायला हवी.

एलडेफला १९८५ च्या सुरुवातीला परत आणायचे होते. उड्डाणांच्या वेळापत्रकात ते काम मागे पडले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर कोसळले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या यानाचे नेतृत्व करणारे डिक स्कोबी हे १९८४ च्या फेरीत, एलडेफ सोडताना, त्याच यानाचे वैमानिक होते. त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ शटलचे उड्डाण झाले नाही. उड्डाणे पुन्हा सुरू झाल्यावरही अधिक निकडीची कामे पुढे होती. वर्षभरासाठी ठेवलेले नमुने तसेच फिरत राहिले.

दरम्यान सूर्याचा अकरा वर्षांचा फेरा शिखराकडे चालला होता. सूर्य तापतो तेव्हा त्याच्या अतिनील किरणांनी वरचे वातावरण फुगते आणि खालच्या कक्षेतील उपग्रहांना हवेचा अडथळा वाढतो. १९८९ साली हे दोन्ही उपग्रह झपाट्याने खाली येऊ लागले. सूर्याच्या याच उग्र अवस्थेचा अभ्यास करण्यासाठी पाठवलेला सोलर मॅक्स २ डिसेंबर १९८९ रोजी वातावरणात शिरून जळाला. एलडेफला आणायचे उड्डाणही डिसेंबरमधून जानेवारीवर गेले. कोलंबिया पोचले तेव्हा एलडेफ सुमारे ३३० किलोमीटरवर आला होता. तो पृथ्वीभोवती ३२,४२२ फेऱ्या करून चुकला होता आणि थोड्याच काळात त्याचीही तीच गत झाली असती.

या उशिराने मूळ प्रयोगाचे स्वरूपच बदलून टाकले होते. एका वर्षाच्या जागी पावणेसहा वर्षे आणि एका उंचीच्या जागी दीडशे किलोमीटरची उतरण असा अनुभव या नमुन्यांना मिळाला. ऑक्सिजनचा सर्वांत मोठा मारा शेवटच्या काळात, दाट हवेत उतरल्यावर झाला. पुढच्या अंगाच्या दर चौरस सेंटिमीटरवर एकूण जितके अणू आदळले तो आकडा लिहायचा तर ९ पुढे २१ शून्ये द्यावी लागतील. एवढ्या माऱ्यात कॅप्टॉनचा पाव मिलिमीटरहून जाड थर नाहीसा होतो आणि उपग्रहांवर वापरले जाणारे कॅप्टॉन बहुधा त्याच्या निम्म्यानेही जाड नसते. म्हणूनच काही पट्ट्या जागेवर सापडल्या नाहीत. त्या गळून पडल्या नव्हत्या, झिजून संपल्या होत्या.

आता चकत्यांचे कोडे. पांढऱ्या रंगात पांढरेपणा देणारी पूड आणि ती धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे बंधक द्रव्य असते. अतिनील किरणांनी हे बंधक द्रव्य तपकिरी पडते. हे पुढेही घडले आणि मागेही घडले. पण पुढच्या अंगावर ऑक्सिजनचे अणू हा तपकिरी पडलेला थर सतत खरवडून नेत होते आणि खालची पांढरी पूड उघडी ठेवत होते. मागे खरवडणारे कोणी नव्हते. म्हणजे पुढच्या चकत्या पांढऱ्या होत्या, पण धडधाकट नव्हत्या. त्यांच्यातले बंधक द्रव्य जात होते आणि पूड सैल होत होती. मागच्या चकत्या अंगाने शाबूत होत्या, पण काळवंडल्यामुळे सूर्याची उष्णता आधीपेक्षा जवळजवळ दुप्पट शोषत होत्या. उपग्रहावर पांढरा रंग शोभेसाठी नसतो, उपग्रह थंड ठेवणे हे त्याचे काम असते. रंग बिघडला की आतली यंत्रे तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. कोणती बाजू 'चांगली' राहिली या प्रश्नाला त्यामुळे सरळ उत्तर नव्हते.

मागच्या अंगाने आणखी एक साक्ष दिली. दक्षिण अटलांटिकवरच्या टापूत कमी उंचीवर येणारे प्रोटॉन अधिक करून पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेकडे जाणाऱ्या एलडेफची पाठ पश्चिमेकडे होती. प्रोटॉनच्या आघाताने ॲल्युमिनियममध्ये तयार झालेला किरणोत्सारी सोडियम मागच्या बाजूला जास्त सापडला. उलट पुढच्या पृष्ठभागावर बेरिलियम-७ हे किरणोत्सारी द्रव्य मिळाले. विश्वकिरणांच्या आघाताने ते वातावरणात तयार होते आणि ५३ दिवसांत निम्मे उरते. ते एवढ्या उंचीवर असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. ते खालच्या हवेतून वर चढून एलडेफला चिकटले होते. साऱ्या उपग्रहावर तंबाखूच्या डागासारखी एक तपकिरी पुटेही जागोजागी चढली होती. हा मळ अवकाशातला नव्हता. उपग्रहातील चिकटद्रव्ये आणि रंग यांतून निघालेली वाफ पृष्ठभागावर बसली आणि अतिनील किरणांनी ती तेथे पक्की केली. टोमॅटोचे बी मात्र बंद डब्यांत सुखरूप होते. ते शाळाशाळांतील मुलांना वाटले गेले आणि उगवले.

या निष्कर्षांचा उपयोग लगेच होऊ लागला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौरपंखांचे कॅप्टॉन उघडे न ठेवता त्यावर सिलिकॉन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवण्यात आला. हा थर आधीच ऑक्सिजन घेऊन बसलेला असल्यामुळे त्याला आणखी जाळता येत नाही. पण एलडेफने सगळेच सांगितले असे मानणे चुकीचे ठरले असते. एलडेफवरील टेफ्लॉनने बराच तग धरला होता. तेच टेफ्लॉन १९९० साली सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवर गेलेल्या हबल दुर्बिणीवर होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये दुरुस्तीसाठी गेलेल्या अंतराळवीरांना सूर्याकडच्या बाजूला त्याला पडलेल्या भेगा दिसल्या. तेथे ऑक्सिजन विरळ, पण सौर ज्वालांचे क्ष-किरण, अतिनील किरण, पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन-प्रोटॉन आणि दर दीड तासाला तापण्या-गारठण्याचा फेरा हे सगळे एकत्र काम करत होते. प्रारणाने टेफ्लॉनचे लांब रेणू तुटले आणि ऊन-थंडीच्या ओढीने त्याला तडे गेले. उंची दीडशे-दोनशे किलोमीटरने बदलली की त्याच पदार्थाचा शत्रू बदलतो, हे त्या भेगांनी दाखवले.

पुढे २००१ साली अवकाश स्थानकाच्या बाहेर, उघडलेल्या सूटकेसांसारख्या दिसणाऱ्या पेट्यांत, शेकडो नमुने ठेवण्यात आले. या मालिकेचे नाव 'मिसी'. या पहिल्या पेट्याही वर्षभरासाठीच होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी, एलडेफला परत आणणारे कोलंबिया यान परतीच्या वाटेवर विखुरले आणि त्यात आपली कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. शटलची उड्डाणे पुन्हा थांबली. मिसीच्या पेट्या २००५ च्या उन्हाळ्यात, चार वर्षांनी, परत आल्या. दोनदा हेच घडले: वर्षाचा प्रयोग, मध्ये एक मोठा अपघात, आणि ठरवून कोणी दिला नसता एवढा दीर्घ काळ.

यावरून अपघातांनी विज्ञानाचे भले केले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मला मान्य नाही. चौदा माणसांच्या मृत्यूला अशी उपयुक्तता चिकटवणे क्रूर तर आहेच, शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही. उशीर सोलर मॅक्सच्याही वाट्याला आला होता. दुरुस्तीनंतर त्याने आणखी साडेपाच वर्षांचे प्रारण आणि ऑक्सिजन सोसला आणि ती सारी साक्ष घेऊन तो जळून गेला. एलडेफचे ज्ञान आपल्याला मिळाले ते तो अडकून पडला म्हणून नव्हे, तर त्याला आणायला कोणी तरी गेले म्हणून. अपघाताने दाखवून दिले ते एवढेच की मूळ योजनेत दिलेला काळ फार तोकडा होता. उपग्रह दहा-पंधरा वर्षे चालावेत अशी अपेक्षा ठेवायची आणि त्यांच्या पदार्थांची परीक्षा मात्र एका वर्षाची घ्यायची, या हिशेबातील चूक योजनाकारांच्या हातून राहून गेली होती.

ही चूक आजही प्रस्तुत आहे. जुलै २०११ मध्ये शटलचे शेवटचे उड्डाण झाले आणि एलडेफएवढी वस्तू खाली आणण्याची सोय तेव्हापासून राहिलेली नाही. अवकाश स्थानकावर मिसीचे नमुने अजून ठेवले जातात आणि परत आणले जातात, पण ते स्थानकही येत्या काही वर्षांत समुद्रात उतरवण्याचे नियोजन आहे. याच काळात खालच्या कक्षेत हजारो उपग्रह गेले आहेत आणि जात आहेत. काम संपले की वातावरणात जळून जावे, अशाच बेताने त्यांतले बहुतेक बांधलेले असतात. कक्षेत कचरा साचू नये म्हणून हे योग्यच आहे. मात्र त्यामुळे त्यांच्या अंगावरच्या रंगाचे, चिकटद्रव्यांचे आणि प्लास्टिकचे शेवटी काय झाले, हे डोळ्यांनी पाहण्याची संधी प्रत्येक उपग्रहाबरोबर जळते. नव्या पदार्थांबद्दलचे अंदाज आजही एलडेफच्या जुन्या तबकांवरील मोजमापांशी ताडून पाहावे लागतात. ती तबके ज्या पदार्थांची होती त्यांतले अनेक आता वापरात नाहीत. आज वापरात असलेले पदार्थ पावणेसहा वर्षे वर ठेवून परत आणायचे, तर ते काम या वेळी कोणी तरी आधीच ठरवून करावे लागेल.